पोलरायझर लावूनही फरक पडत नाही: दुसरा फिल्टर विकत घेण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

लक्षणे

पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे बसणारा, एका ठरावीक दिशेने कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश अडवणारा फिल्टर. तो लावला, कडी फिरवली, तरी आकाश पूर्वीइतकेच फिकट दिसते. तलावाच्या पाण्यावरची चकाकी तशीच राहते. काही जणांच्या छायाचित्रात आकाशाचा एकच पट्टा गडद निळा होतो आणि दोन्ही बाजू पांढरट राहतात, तर काहींच्या चित्राचे चारही कोपरे काळवंडतात. याखेरीज चित्रे हलल्यासारखी किंवा मऊ येणे, फोकस मागेपुढे होत राहणे, पांढऱ्या भिंतीवर पिवळट छटा उतरणे, कडेला इंद्रधनुषी रंगांचे ठिपके दिसू लागणे आणि शेवटी फिल्टर लेन्सवरून निघेनासा होणे, अशा तक्रारी असतात.

नागपुरात हौशी छायाचित्रकारांच्या लेन्सची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती करताना या तक्रारी माझ्यापुढे वरचेवर येतात. तक्रार घेऊन येणाऱ्याचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो: फिल्टर स्वस्तातला होता, आता महागडा घ्यावा. प्रत्यक्षात यांतील बहुतेक तक्रारींचा फिल्टरच्या किमतीशी संबंध नसतो. सूर्य कोठे आहे, आकाश कसे आहे, चकाकी कोणत्या पृष्ठभागावरून येते आहे आणि लेन्सचा पुढचा भाग फिरतो की नाही, या चार गोष्टींत दोष सापडतो आणि नवा फिल्टर घेतल्याने त्यांतील एकही बदलत नाही. म्हणून खालील तपासण्या ज्यांना एक पैसाही लागत नाही तेथून सुरू होतात, आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी येतात.

कडी फिरवण्याची पद्धत

पोलरायझरला दोन कड्या असतात. मागची कडी आट्यांनी लेन्सवर बसते आणि पुढची, काच धरून ठेवणारी कडी मोकळी फिरते. पुढची कडी पूर्ण एक फेरी फिरवली की परिणाम दोनदा सर्वाधिक आणि दोनदा सर्वांत कमी होतो, म्हणजे सर्वाधिक आणि सर्वांत कमी यांत नव्वद अंशांचे अंतर असते. यातून निघणारी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते: आडवे चित्र घेताना फिल्टर अचूक जुळवला आणि मग कॅमेरा उभा धरला, तर फिल्टरही नव्वद अंशांत वळतो आणि सर्वाधिक परिणामाच्या जागी शून्य परिणाम मिळतो. कॅमेरा उभा किंवा आडवा केला की कडी पुन्हा जुळवणे भाग आहे.

दुसरे म्हणजे, कॅमेरा स्वयंचलित एक्सपोजरवर असेल तर पडद्याकडे पाहून फिल्टरचा परिणाम ठरवू नये. आकाश गडद होऊ लागले की कॅमेरा आपण होऊन चित्र उजळ करतो आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडले नाही. एक्सपोजर मॅन्युअल ठेवून कडी सावकाश फिरवावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे फिल्टर लेन्सवर न लावता हातात धरून, पुढची बाजू दृश्याकडे ठेवून, एका डोळ्याने त्यातून पाहावे आणि तो फिरवावा. जो फरक डोळ्याला दिसत नाही तो कॅमेऱ्यालाही दिसणार नाही.

कडी नेहमी फिल्टर आवळण्याच्या दिशेनेच फिरवावी. उलट फिरवत राहिल्यास संपूर्ण फिल्टर आट्यांतून सैल होत जातो आणि एखाद्या दिवशी अंबाझरी तलावाच्या पाण्यात जातो.

तो खरोखर पोलरायझर आहे का

ही तपासणी घरात दोन मिनिटांत होते. लॅपटॉपवर किंवा संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडावे, डोळ्यांवर ध्रुवण असलेला गॉगल असल्यास तो काढून ठेवावा आणि फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे करून तो फिरवावा. एलसीडीतून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो, त्यामुळे खरा पोलरायझर एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा करतो. त्या स्थितीत थोडी जांभळट झाक राहिली तर काळजीचे कारण नाही. परंतु पडद्यावरची अक्षरे सहज वाचता येत असतील तर आतला ध्रुवण थर दुर्बळ आहे असे समजावे. फिल्टर उलटा, म्हणजे आट्यांची बाजू पडद्याकडे करून धरला तर सर्क्युलर पोलरायझरमध्ये (हा प्रकार पुढे फोकसच्या भागात समजावला आहे) अंधार होत नाही, फक्त रंगाची छटा किंचित बदलते. ते सदोष असल्याचे चिन्ह नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र ही परीक्षा करू नये, कारण गॉगल घालूनही पडदा दिसत राहावा यासाठी काही मोबाइलवर वेगळा थर दिलेला असतो आणि निकाल फसवा येतो.

याच वेळी आणखी एक परीक्षा उरकून घ्यावी. फिल्टरमधून साध्या चुन्याच्या भिंतीकडे पाहून कडी फिरवावी. पोलरायझर फिरवल्याने भिंतीचा उजेड जवळपास बदलत नाही. भिंत फिरवण्यासरशी काळोखी होत गेली, तर हातात आहे तो व्हेरिएबल एनडी, म्हणजे सगळाच प्रकाश कमी-जास्त अडवणारा फिल्टर. त्यात एकावर एक दोन ध्रुवण थर असतात, बाहेरून तो अगदी पोलरायझरसारखाच दिसतो आणि घाईच्या खरेदीत तोच हाती येण्याचा प्रकार चांगलाच रूढ आहे. कडीवर एनडी या अक्षरांपुढे दोन आकडे कोरलेले असतील तर शंका घ्यायला नको. काच पूर्णपणे स्वच्छ, पाण्यासारखी दिसत असेल तर तो यूव्ही, म्हणजे अतिनील किरण अडवणारा फिल्टर आहे. पोलरायझर नेहमी करडा दिसतो.

सूर्य कोठे आहे

निम्म्याहून अधिक तक्रारी येथे संपतात, म्हणून या तपासणीला वेळ द्यावा.

निळे आकाश हे हवेच्या रेणूंवरून विखुरलेल्या सूर्यप्रकाशामुळे दिसते आणि हा विखुरलेला प्रकाश सूर्यापासून नव्वद अंशांवरच्या पट्ट्यात सर्वाधिक ध्रुवित असतो. सूर्याच्या बाजूला आणि बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला ध्रुवण नसल्यासारखेच असते. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा, ही जुनी शिकवण पोलरायझर लावल्यावर नेमकी उलट पडते ती यामुळे. पट्टा शोधण्यासाठी तर्जनी सूर्याच्या दिशेने रोखावी (सूर्याकडे पाहू नये, सावलीवरून दिशा घ्यावी), अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ ठेवावा आणि मनगट फिरवावे. अंगठा आकाशात ज्या वर्तुळातून फिरतो तोच तो पट्टा.

नागपूरच्या आकाशात याचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो, त्यामुळे कॅमेरा साधारण उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळवला तर आकाश गडद होते. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांच्या उंचीवर असतो. अशा वेळी उत्तरेकडचे, तितक्याच उंचीवरचे आकाश सर्वांत चांगले उतरते. मात्र नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासे वर असल्याने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा नव्वद अंशांचा पट्टा चारही बाजूंनी क्षितिजालगत पसरतो आणि तेथेच धूळ व धूसरपणा सर्वाधिक असतो. चित्रात जेवढे आकाश वर जाते तेवढा परिणाम ओसरत जातो. अशा दुपारी फिल्टर कोणत्याही कंपनीचा असला तरी हाती काही लागत नाही.

आकाश निळे आहे का

पोलरायझर आकाशाला रंग देत नाही. आकाशात असलेल्या प्रकाशातला एक भाग अडवतो, इतकेच. ध्रुवण होते ते हवेच्या सूक्ष्म रेणूंमुळे. धुळीचे आणि धुराचे कण, धुक्याचे व ढगांचे थेंब त्यांहून खूप मोठे असतात आणि त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशात ध्रुवण फारसे उरत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत विदर्भाचे आकाश धुळीने पांढुरके होते. पावसाळ्यात ते ढगांनी भरलेले असते. या दोन्ही वेळी आकाशासाठी फिल्टर लावण्यात अर्थ नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ सकाळ आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले धुके नसलेले दिवस हे त्याचे खरे दिवस. आपला फिल्टर काम करत नाही असे ज्याला उन्हाळ्यात वाटले, त्याने तोच फिल्टर दसऱ्यानंतरच्या एखाद्या सकाळी लावून पाहावा आणि मगच नव्याचा विचार करावा.

ढगाळ दिवशी फिल्टर बॅगेत ठेवावा, असा मात्र याचा अर्थ नाही. संत्र्याच्या पानांवर मेणचट तकाकी असते आणि तिच्यात पांढऱ्या आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे बागेचा हिरवा रंग चित्रात फिकट उतरतो. पावसात भिजलेल्या सागाच्या पानांचेही तेच. आभाळ भरलेले असतानाच्या अशा चित्रांत पोलरायझरइतके उपयोगी साधन दुसरे नाही, कारण पानांवरची चकाकी हटवून खालचा खरा रंग उघडा करणे नंतर संगणकावर साधत नाही. माझ्या मते विदर्भात या फिल्टरचे सर्वांत मोठे काम हेच आहे. निळ्या आकाशाचे आकर्षण उगाच जास्त आहे.

चकाकी कशावरून येते आहे

पाणी, काच, रंगाचा लेप, पाने आणि प्लास्टिक यांवरून परावर्तित झालेला प्रकाश एका ठरावीक कोनाला सर्वाधिक ध्रुवित होतो. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली या कोनाचा नियम मांडला. पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून मोजले तर हा कोन पाण्यासाठी सुमारे ५३ अंश आणि साध्या काचेसाठी सुमारे ५६ अंश येतो. व्यवहारात असे समजावे की नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा आणि काचेच्या पृष्ठभागाशी ३४ अंशांचा कोन करत असली पाहिजे. फुटाळा तलावाच्या काठावर उभे राहून दूरवरच्या पाण्याकडे पाहिले तर नजर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर जाते आणि चकाकी पुरती हटत नाही. तोच कॅमेरा पायांपासून दीड-दोन मीटरवरच्या पाण्याकडे वळवला तर तळाचे दगड दिसू लागतात.

दुकानाच्या काचेसमोर अगदी समोरासमोर उभे राहून फिल्टर फिरवणे हे तर निष्फळच आहे, कारण त्या कोनाला ध्रुवण होत नाही. एका बाजूला सरकून तिरके उभे राहावे. इतवारीच्या सराफ्यात बाहेरून दागिन्यांचे चित्र घेताना असे तिरके उभे राहिल्यावर काचेतले रस्त्याचे प्रतिबिंब जाते, पण दागिन्यांची चमक तशीच राहते. उघड्या धातूवरून परावर्तित होणारा प्रकाश या रीतीने ध्रुवित होत नाही, म्हणून पितळी समई, स्टीलची भांडी, चांदीच्या मूर्ती किंवा गाडीचा क्रोमचा पट्टा यांवरचा झोत पोलरायझर अडवत नाही. तेथे दिव्याची जागा बदलणे हाच उपाय.

मोटारीच्या बंद काचेतून चित्र घेताना काचेवर ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे नक्षीकाम उमटते, तेही फिल्टरचा दोष नव्हे. कडक केलेल्या काचेतले ताण पोलरायझरमधून उघडे पडतात. काच खाली करावी किंवा फिल्टर काढावा.

चित्र हलले आहे की मऊ आले आहे

पोलरायझर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. ध्रुवित नसलेल्या प्रकाशातला निम्मा भाग तत्त्वतःच अडवला जात असल्याने कोणताही पोलरायझर एका स्टॉपपेक्षा कमी प्रकाश खाऊ शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. दोन स्टॉप गेले की १/५०० सेकंदाचा शटर १/१२५ वर येतो. ताडोबात किंवा पेंचमध्ये पहाटेच्या जिप्सीतून ३०० मिमीच्या लेन्सने १/१२५ वर घेतलेले वाघाचे चित्र हलणारच, आणि त्याचा ठपका काचेवर येतो. म्हणून आधी चित्राच्या माहितीत शटरची गती पाहावी. जंगलात सूर्य चांगला वर येईपर्यंत फिल्टर काढून ठेवणे हेच शहाणपणाचे.

गती पुरेशी असूनही चित्र मऊ वाटत असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, स्थिरीकरण बंद करून आणि टायमर लावून एकाच छापील कागदाची दोन चित्रे घ्यावीत, एक फिल्टरसह आणि एक फिल्टरविना. दोन्ही वेळा फोकस नव्याने करावा, अपर्चर आणि आयएसओ तेच ठेवावेत आणि प्रकाशाची घट शटरने भरून काढावी. ही तुलना झूमच्या सर्वांत लांब टोकाला करावी, कारण काचेचा वाकडेपणा १८ मिमीवर लपतो आणि २५० मिमीवर उघडा पडतो. येथे फरक स्पष्ट दिसला तर दोष खरोखर फिल्टरचा आहे आणि तो बदलण्याला कारण आहे.

फोकस अडखळणे

फोकस मंद उजेडातच अडखळत असेल तर कारण बहुधा वर सांगितलेली प्रकाशाची घटच असते, एफ/५.६ च्या, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सपुढे दोन स्टॉपची काच आली की फोकस प्रणालीपर्यंत फार थोडा प्रकाश पोहोचतो. भर उन्हातही फोकस किंवा एक्सपोजर चुकत असेल आणि कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर असेल, तर फिल्टर लिनियर, म्हणजे फक्त ध्रुवण थर असलेल्या साध्या प्रकारचा आहे का ते पाहावे. डीएसएलआरचा आरसा अंशतः पारदर्शक असतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशावर फोकस ठरतो. लिनियर फिल्टरमधून आलेला प्रकाश या आरशावर कोणत्या कोनात पडतो त्यानुसार त्याचे वाटप बदलते. सर्क्युलर पोलरायझरमध्ये ध्रुवण थराच्या मागे आणखी एक पातळ थर असतो आणि तो ही अडचण दूर करतो. मिररलेस कॅमेऱ्यात असा आरसाच नसल्याने लिनियर फिल्टर सहसा चालतो.

कडीवरची अक्षरे पुसली असतील तर आरशासमोर उभे राहावे, आट्यांची बाजू आरशाकडे आणि पुढची बाजू डोळ्याकडे करून फिल्टरमधूनच आरशातल्या फिल्टरकडे पाहावे. सर्क्युलर असेल तर आरशातली काच काळी दिसते, लिनियर असेल तर करडीच राहते.

आकाशातला पट्टा, काळे कोपरे आणि फिरणारी लेन्स

फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या लेन्सचे दृश्यक्षेत्र कर्णावर सुमारे ८४ अंश असते. आकाशाचे ध्रुवण नव्वद अंशांत सर्वाधिकापासून शून्यापर्यंत उतरते, त्यामुळे एवढ्या रुंद चित्रात एक भाग गडद आणि एक भाग फिकट येणे अटळ आहे. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटासमोर जवळ उभे राहून, सगळा घुमट आणि वरचे आकाश एका चित्रात घेतले की हा पट्टा हमखास दिसतो. मागे सरकून झूम वाढवावा किंवा कडी अर्धवट फिरवून परिणाम सौम्य ठेवावा. अनेक चित्रे जोडून रुंद चित्र करायचे असेल तर पोलरायझर वापरूच नये.

काळे कोपरे तपासण्यासाठी पांढऱ्या भिंतीचे एक चित्र सर्वांत मोठ्या अपर्चरवर आणि दुसरे एफ/११ वर घ्यावे. अपर्चर बारीक केल्यावर काळोखी नाहीशी झाली तर ती लेन्सची स्वतःची आहे. उलट तिची कड अधिक रेखीव झाली तर फिल्टरची कडी आड येते आहे. बहुतेक वेळा खाली यूव्ही फिल्टर तसाच ठेवून वर पोलरायझर चढवलेला असतो. यूव्ही काढला की प्रश्न मिटतो.

काही जुन्या किट लेन्सचा, उदाहरणार्थ कॅननच्या १८-५५ आयएस टू या लेन्सचा, पुढचा भाग फोकस करताना स्वतःच फिरतो आणि त्याबरोबर फिल्टरही फिरतो. अशा लेन्सवर आधी फोकस करावा, तो कायम ठेवावा आणि मग कडी जुळवावी. क्रम उलटा झाला तर प्रत्येक चित्रात परिणाम वेगळा येतो आणि माणूस फिल्टर बदलत बसतो.

रंगाची छटा आणि कडेचे रंगीत ठिपके

छटा तपासताना व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर कायम करून पांढऱ्या कागदाची फिल्टरसह आणि फिल्टरविना चित्रे घ्यावीत. तो स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा छटा लपवतो. किंचित छटा बहुतेक फिल्टरांत असते आणि ती रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये सहज काढता येते. जुना फिल्टर तपकिरी किंवा पिवळा पडला असेल तर मात्र आतला थर थकलेला आहे.

कडेला बुडबुडे, पिसासारखी नक्षी किंवा इंद्रधनुषी ठिपके दिसत असतील तर दोन काचांमधला थर सुटू लागला आहे. ध्रुवण थर दोन काचांच्या मध्ये चिकटवलेला असतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या फिल्टरचा हा ठरलेला शेवट आहे. त्यावर दुरुस्ती नाही. काचा वेगळ्या करून पुन्हा चिकटवण्याचे प्रयोग करू नयेत. तो फिल्टर टाकून द्यावा.

निघत नसलेला फिल्टर

पोलरायझर अडकला की इतर फिल्टरांपेक्षा जास्त त्रास देतो, कारण पुढची कडी मोकळी फिरत राहते आणि जोर लावण्यासाठी मागची कडी फक्त काही मिलिमीटर रुंद असते. लेन्स सावलीत थंड होऊ द्यावी. मग मागच्या कडीवर रुंद रबरबँड ताणून बसवावा, रबरी हातमोजे घालावेत आणि पाच बोटांनी सर्व बाजूंनी सारखा, हलका दाब देऊन फिरवावे. घट्ट पकडले की पातळ कडी लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात; हलकी पकड येथे जास्त काम करते. तरीही न निघाल्यास कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा फिल्टर पाना वापरावा. पक्कड, हातोडी, गरम पाणी आणि तेल यांतले काहीही लेन्सजवळ आणू नये. तेल आट्यांतून आत जाते आणि मग साध्या अडकलेल्या फिल्टरचे रूपांतर संपूर्ण लेन्स उघडण्याच्या कामात होते.

खरेदी करायचीच असेल तर

वरच्या तपासण्यांत फिल्टरच दोषी ठरला, किंवा पहिलाच फिल्टर घ्यायचा आहे, तर माप आधी पाहावे. लेन्सच्या पुढच्या कडीवर काट मारलेल्या वर्तुळाच्या चिन्हापुढे आट्यांचे माप मिमीमध्ये लिहिलेले असते: ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२. लेन्सच्या नावातले १८-५५ हे आकडे नाभीय अंतराचे असतात आणि त्यांतले ५५ पाहून फिल्टर मागणारे गिऱ्हाईक नेहमी भेटते. १८-५५ या नावाच्या लेन्स ५२, ५५ आणि ५८ अशा वेगवेगळ्या मापांच्या आहेत.

लेन्स एकापेक्षा अधिक असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा घ्याव्यात. त्या स्वस्त असतात. तोटा इतकाच की लेन्सचे हूड बसत नाही. उलट, मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर बसवणारी स्टेप-डाउन रिंग घेऊ नये, कोपरे काळे होतात.

नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या दुकानात घ्यावा की ऑनलाइन मागवावा, यावर माझे मत दुकानाच्या बाजूने आहे, कारण तेथे वस्तू पारखून घेता येते. दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर अंधाराची परीक्षा करावी. छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेत पाहावे: ते हिरवट किंवा जांभळट आणि मंद असेल तर काचेवर लेप आहे, लख्ख पांढरे असेल तर लेप नाही. फिल्टर सावकाश तिरका करताना ट्यूबची सरळ रेषा वाकत किंवा डुलत असेल तर काच सपाट नाही आणि लांब लेन्सवर ती त्रास देईल. कडी अडखळत फिरू नये आणि नुसत्या फुंकरीने फिरेल इतकी सैलही असू नये. आपल्या लेन्सवर दोन-तीन आटे हाताने बसवून पाहावेत. पितळी कडी ॲल्युमिनियमच्या कडीपेक्षा कमी अडकते, त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे मला योग्य वाटते. पातळ, म्हणजे स्लिम कडी फक्त रुंद लेन्ससाठी घ्यावी. तिच्यातल्या काहींना पुढे आटे नसतात आणि लेन्सचे झाकण बसत नाही. होया, केन्को, बी प्लस डब्ल्यू, निसी या नावांनी फिल्टर मिळतात आणि नामांकित मालाच्या नकलाही मिळतात, त्यामुळे पक्के बिल आणि बदलून देण्याची कबुली घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

येथे थांबावे

काही गोष्टी घरी करण्याच्या नाहीत. फिल्टरचे आटे तिरके चढले असतील, लेन्सच्या पुढच्या कडीला पोचा पडला असेल, फिल्टर फिरवताना लेन्सचा संपूर्ण पुढचा भागच हलत किंवा करकरत असेल, किंवा फिल्टरची काच फुटून तिचे तुकडे लेन्सवर पडले असतील, तर हात थांबवावा. फुटलेल्या काचेचे कण फडक्याने पुसू नयेत. लेन्सचे तोंड खाली करून हवा मारण्याच्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) शक्य तेवढे पाडावेत. फिल्टर काढल्यानंतरही भर उजेडात फोकस चुकत असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्सच्या मोटरमध्ये आहे. पावसाळ्यानंतर दिसणारी जाळीसारखी बुरशी फिल्टरच्या बाहेरच्या काचेवर असेल तर पुसून निघू शकते, पण लेन्सच्या आतल्या भिंगावर असेल तर ती फक्त लेन्स उघडून निघते.

अशा वेळी लेन्स अधिकृत सेवा केंद्रात किंवा ज्याच्याकडे लेन्स उघडण्याची योग्य साधने आहेत अशा कारागिराकडे न्यावी. अडकलेला फिल्टर लेन्सवर तसाच ठेवून न्यावा, आतापर्यंत काय काय करून पाहिले ते न लपवता सांगावे, वॉरंटी शिल्लक असेल तर लेन्स कोणालाही उघडू देण्यापूर्वी ते विचारून घ्यावे आणि कामाला होकार देण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागावा.